कप्पी स्क्रूवर नको, आरपार बोल्टवर

शिडाच्या बोटीवर मेनशीटची (मुख्य शीड ओढायच्या दोराची) कप्पी फायबरच्या डेकवर साध्या स्क्रूंनी बसते, असं एकाने सुचवलंय. कृपया तसं करू नका. दोर कप्पीतून 180 अंशांत वळला की कप्पीच्या बुडावर दोराच्या ताणाच्या जवळपास दुप्पट भार येतो. 90 अंशांच्या वळणावरही सुमारे 1.4 पट. वाऱ्याचा झोत आला की स्क्रू फायबर फाडून उपटतो आणि ताणलेल्या दोरासोबत कप्पी माणसाच्या अंगावर येते. आरपार बोल्ट घ्या, खाली रुंद प्लेट, नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, सहज न सुटणारा), भोकात सीलंट. डेकच्या पोटात बाल्साचं लाकूड असेल तर भोक आधी मोठं करून इपॉक्सीने भरा, मग त्यातच नवं पाडा. नाहीतर पाणी मुरून लाकूड कुजतं.

ॲल्युमिनियमच्या बूमवर (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्यावर) स्टीलचं फिटिंग असेल तर मध्ये नायलॉनचा वॉशर हवाच, नाहीतर दोन धातू भिडून ॲल्युमिनियम गंजतं. आपल्या नागपूरच्या अंबाझरी तलावाचं पाणी गोडं आहे, म्हणून गंज हळू चढतो इतकंच.

शॅकलची (जोडणीच्या U आकाराच्या कडीची) पिन हादऱ्यांनी उलगडते. पिनच्या डोळ्यातून स्टेनलेसची बारीक तार ओवून शॅकलच्या अंगाला वेढे द्या. प्लास्टिकचा टाय नागपूरच्या उन्हात ठिसूळ होतो, तो तात्पुरताच.

जिबच्या (पुढच्या शिडाच्या) शीटला, म्हणजे ओढायच्या दोराला, शिडाकडे बोलाइन (न आवळणाऱ्या फासाची गाठ), गाठीबाहेरचं शेपूट दोराच्या जाडीच्या निदान 10 पट: 8 मिमीच्या दोराला 8 सेंमी. दुसऱ्या, मोकळ्या टोकाला आठाची गाठ, म्हणजे दोर कप्पीतून निसटत नाही. स्पिनेकरच्या (पुढे फुगणाऱ्या मोठ्या शिडाच्या) शीटला मात्र ती गाठ नको. बोट आडवी होऊ लागली तर शीट पूर्ण सुटून जाता आली पाहिजे.