कँडी क्रश फोनमधून काढून टाकावा का?

वर्धारोडवाला
राजेहो, कँडी क्रश, तो तीन सारख्या गोळ्या जुळवायचा फोनवरचा गेम, मी काल काढून टाकला. चार वर्षं खेळत होतो. माझं मत स्पष्ट आहे: हा टाइमपास नाही, गळ आहे. घरात कोणाच्या फोनवर असेल तर आजच काढा.

यात पाच लाइफ, म्हणजे हरायच्या पाच संधी असतात. एक गेला की अर्ध्या तासानं परत मिळतो, म्हणजे सगळे भरायला अडीच तास. तेवढा धीर कुठला? मी फोनचं घड्याळ अडीच तास पुढे ढकलायचो अन् लाइफ भरले की मागे घ्यायचो. परवा रात्री मागे घ्यायचं विसरून झोपलो. पाचचा गजर वाजला. बायको उठली, माझ्या डब्याची कणीक भिजवली, भाजी फोडणीला टाकली. दूधवाला अजून कसा आला नाही म्हणून तिनं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, तर अडीच. ती काही बोलली नाही. गॅस बंद केला, कणकेवर ताट झाकलं अन् येऊन पडली. याच्या आधी मेट्रोत सीताबर्डीला गाडी बदलायची सोडून पार कडबी चौकापर्यंत गेलो होतो, तेव्हाही गेम सुटला नव्हता. त्या झाकलेल्या ताटानं सुटला.

महालची सून
भाऊ, तुमच्यासाठी काढणं बरोबरच होतं. पण सगळ्यांनी काढा, हे मला पटत नाही. माझ्या सासूबाईंना दीड वर्षापूर्वी अर्धांगवायू झाला. रात्री त्यांना कूस बदलून दिली की मी आवाज बंद करून गेम उघडते. दिवसभरात तेवढाच वेळ माझा. कादंबरी वाचायला घेतली होती, पण दर दोन पानांनी उठावं लागतं, धागा तुटतो. गेम मध्येच सोडला तरी काही बिघडत नाही. अन् पाच लाइफ संपले की मी फोन उलटा ठेवते. तुम्हाला ज्या अडवणुकीनं पळवलं, तिच्याचमुळे मी थांबते.

वर्धारोडवाला
ताई, तुमच्या तेवढ्या वेळावर माझा राग नाही. पण ती अडवणूक तुम्ही थांबावं म्हणून ठेवलेलीच नाही. फोडायची एकच जेली उरते, चाली संपतात, अन् लगेच समोर येतं: आणखी पाच चाली घ्या. पैसे तिथेच जातात, माझेही गेले. हा गेम २०१२ सालचा, खेळायला फुकट. अन् तो बनवणारी किंग कंपनी २०१६ मध्ये ५.९ अब्ज डॉलरला विकली गेली. फुकटातून एवढी किंमत कुठून आली?

गणिताचा मास्तर
पैशाचा मुद्दा मान्य, पण सगळा दोष त्याच्यावर टाकू नका. अलेक्सेई पाजित्नोव्हनं १९८४ मध्ये मॉस्कोत टेट्रिस, म्हणजे वरून पडणारे तुकडे बसवून ओळ भरायचा गेम बनवला, तेव्हा त्यात विकायला काहीच नव्हतं. तरी लोक उठेनात. अर्धवट राहिलेली ओळ डोळ्यांना सलते, ती भरावीशी वाटते. हे माणसाच्या मनातच आहे. उलट इंग्रजी शब्द ओळखायचा वर्डल पाहा, दिवसाला एकच कोडं. सुटो न सुटो, पुढचं उद्या. माझ्या मते भांडण करायचंच तर शेवट नसलेल्या गेमशी करावं. कोड्याशी नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, पण त्याची खूण किती तास खेळता ही नाही. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळं मागे पडणं अन् नुकसान दिसूनही खेळत राहणं, हे साधारण बारा महिने चाललं तर. ताईंचं यात काहीच बसत नाही.

सक्करदऱ्याचा दुकानदार
मी मात्र वर्धारोडवाल्या भाऊंच्या बाजूनं. गिऱ्हाईक समोर उभं असून माझी मान खाली असायची. मोजून खेळणं मला जमलं नाही, काढला तेव्हाच सुटलो.

महालची सून
ज्यांना जमत नाही त्यांनी जरूर काढावा. पैशाचं मात्र माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आज यजमानांना सांगून फोनवरून खरेदी करायची सोय बंद करून घेतली अन् नोटिफिकेशनही. गेम ठेवला आहे.

एक गोष्ट काल सांगायची राहिली. आताशा सासूबाई शेजारून बघतात. उजवा हात हलत नाही, पण डाव्या हाताच्या बोटानं लाल गोळी सरकवतात. तीन जुळायला कधी कधी पाच मिनिटं लागतात. जुळल्या की माझ्याकडे बघतात.

वर्धारोडवाला
ताई, तो फोन त्यांच्या डाव्या हाताला ठेवत जा. माझा गेम काढलेलाच राहील.