एकाच साइटला दोन पीई, पण तिसऱ्या पीईवर पाथ एकच दिसतो

मार्गस्थ:
एमपीएलएस एल३व्हीपीएनमधल्या (सेवादात्याच्या सामायिक नेटवर्कवरचं ग्राहकाचं खाजगी नेटवर्क) एका साइटचं सीई (ग्राहकाकडचा राउटर) पीई१ आणि पीई२ (सेवादात्याच्या कडेचे राउटर) अशा दोन्हींना ईबीजीपीने (दोन वेगळ्या नेटवर्कांमधला बीजीपी, म्हणजे रूट कळवणारा प्रोटोकॉल) जोडलंय. १०.२०.५.०/२४ दोघांनाही मिळतो. लोकल प्रेफरन्स (आपली पसंती, जास्त तो आधी) दोन्हीकडे १००, एएस-पाथ (वाटेतल्या नेटवर्कांची यादी) सारखाच, एमईडी (शेजारच्या नेटवर्कने सुचवलेली पसंती) नाही. पीई३ पासून पीई१ चा आयजीपी मेट्रिक (नेटवर्कच्या आतलं अंतर, कमी ते चांगलं) ५० आणि पीई२ चा १०. तरी ट्रॅफिक पीई१ कडेच जातो. पीई३ च्या बीजीपी टेबलमध्ये पीई२ चा पाथ औषधालाही नाही. मॅक्झिमम-पाथ्स आयबीजीपी २ (एकाच नेटवर्कच्या आतल्या बीजीपीचे दोन पाथ एकत्र वापरण्याची सेटिंग) दिलं, फरक शून्य. मध्ये दोन रूट रिफ्लेक्टर (पीईंचे रूट घेऊन बाकीच्या पीईंना कळवणारे) आहेत, दोन्ही पीई१ च्या जवळ. आरडी (रूट डिस्टिंग्विशर, प्रीफिक्सच्या पुढे लागणारा ओळख-क्रमांक) सगळीकडे ६४५००:१०.

लेबलवाला:
तुमचं शेवटचं वाक्य हेच उत्तर आहे. पीई३ इथे काही निवडतच नाहीये, निवड त्याच्या आधीच रिफ्लेक्टरवर उरकली आहे.

व्हीपीएनव्ही४ मध्ये (बीजीपीतला व्हीपीएन रूटांचा पत्ता-प्रकार) ८ बाइटचा आरडी आणि ४ बाइटचा प्रीफिक्स मिळून १२ बाइटचा एक पत्ता होतो. आरडी एकच, म्हणून दोन्ही पीईंकडून आलेला रूट रिफ्लेक्टरच्या लेखी एकच. तो नेहमीची चाळणी लावतो: लोकल प्रेफरन्स, एएस-पाथची लांबी, ओरिजिन, एमईडी. सगळीकडे बरोबरी. दोन्ही पाथ आयबीजीपीचे, तिथेही बरोबरी. मग नेक्स्ट-हॉपपर्यंतचा आयजीपी मेट्रिक येतो, आणि तो रिफ्लेक्टर स्वतःच्या जागेवरून मोजतो. पीई१ त्याला जवळचा, म्हणून तोच पुढे जातो. तुमचा १० चा आकडा या हिशेबात कुठेच येत नाही.

प्रत्येक पीईवर वेगळा आरडी द्या: पीई१ ला ६४५००:१०१, पीई२ ला ६४५००:१०२, पीई३ ला ६४५००:१०३. रूट टार्गेट मात्र आहे तोच ठेवा. कुठला रूट कुठल्या व्हीआरएफमध्ये (पीईवरचं त्या ग्राहकाचं वेगळं राउटिंग टेबल) शिरणार हे इम्पोर्ट-एक्सपोर्टचं रूट टार्गेट ठरवतं, त्याचा आरडीशी संबंध नाही. ही गल्लत इतक्या डिझाइनमध्ये दिसते की मला खरंच वाईट वाटतं, कारण पुढचे सगळे त्रास तिथूनच सुरू होतात. आता दोन्ही रूट पीई३ पर्यंत पोचतील, व्हीआरएफमध्ये इम्पोर्ट होतील आणि तुलना तिथे होईल. १० विरुद्ध ५०, पीई२ जिंकेल.

मॅक्झिमम-पाथ्सचं म्हणाल, तर साध्या आयबीजीपी मल्टिपाथला आयजीपी मेट्रिकही सारखा लागतो. त्यामुळे दोन्ही पाथ दिसायला लागले तरी ट्रॅफिक वाटला जाणार नाही.

चालू व्हीआरएफचा आरडी बदलताना त्यातले बीजीपी रूट काढले जाऊन नव्याने येतात. मेंटेनन्स विंडो घ्याच.

निळी_वायर:
अ‍ॅड-पाथ हाही मार्ग आहे, आरएफसी ७९११. आरडी न बदलता रिफ्लेक्टर एकाच प्रीफिक्सचे अनेक पाथ पाठवू शकतो. पण रिफ्लेक्टर आणि पीई दोघांनाही व्हीपीएनव्ही४ साठी ते जमायला हवं. जुनी पेटी असेल तर आधी तपासा.

मार्गस्थ:
आरडी वेगळे केले, दोन्ही पाथ आले, पीई२ निवडला गेला. आता ग्राहकाला पीई१ मुख्य आणि पीई२ राखीव हवाय. म्हणून पीई१ वर लोकल प्रेफरन्स २०० केला, आणि पीई२ चा पाथ पीई३ वरून पुन्हा गायब!

लेबलवाला:
आता रिफ्लेक्टरचा दोष नाही, पीई२ वरच पाहा. पीई१ चा २०० वाला रूट त्याच्या व्हीआरएफमध्ये इम्पोर्ट होतो. स्वतःचा ईबीजीपी पाथ १०० वर आहे. ईबीजीपीला आयबीजीपीपेक्षा झुकतं माप मिळतं खरं, पण लोकल प्रेफरन्स त्याच्या कितीतरी आधी तपासला जातो. म्हणजे पीई२ च्या दृष्टीनेही बेस्ट पाथ पीई१ चा. जो बेस्ट नाही तो जाहीर करायचा नाही, हा बीजीपीचा नियम, म्हणून त्याने स्वतःचा पाथ मागे घेतला.

पीई१ ची लिंक पडली की आधी विथड्रॉ (रूट मागे घेतल्याचा निरोप) रिफ्लेक्टरमार्गे पीई२ ला कळणार, मग तो आपला पाथ बेस्ट ठरवून जाहीर करणार, मग तो पुन्हा रिफ्लेक्टरमार्गे पीई३ ला. तोवर पीई३ कडे दुसरी वाटच नाही, पॅकेट वाया.

पीई२ वर बेस्ट-एक्स्टर्नल चालू करा. मग तो ट्रॅफिक पीई१ कडेच पाठवेल, पण स्वतःचा ईबीजीपी पाथही जाहीर करत राहील. पीई३ वर बीजीपी पिक असेल तर राखीव पाथ आधीच फॉरवर्डिंग टेबलमध्ये बसवता येतो. नंतर पीई३ वर त्या प्रीफिक्सचं तपशीलवार आउटपुट काढा: ६४५००:१०२ चा पाथ १०० लोकल प्रेफरन्ससह दिसला पाहिजे, बेस्टची खूण मात्र पीई१ च्या पाथवर हवी.