बारावीनंतर थेट लॉ नको, आधी पदवी घ्या: पटतंय का?

कराडचा वकील

भाचीची बारावी कॉमर्स झाली. तिला पाच वर्षांच्या लॉला जायचंय. घरात वकिली करणारा मी एकटाच, त्यामुळे बहीण आणि दाजी माझ्या मतावर थांबलेत. मी सांगितलं, आधी बीकॉम कर, मग तीन वर्षांचं एलएलबी. भाची रुसलीय. माझी बाजू मांडतो, ज्यांना पटत नाही त्यांनी बेलाशक खोडून काढावी.

पाच वर्षांच्या कोर्सला मधून बाहेर पडायला वाट नाही. वकिली आणि तिच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार बीए आणि एलएलबी या दोन्ही पदव्या एकत्रच मिळतात. तिसऱ्या वर्षी पोरीला कळलं की हे आपलं क्षेत्र नव्हे, तर नुसती बीए घेऊन निघता येत नाही, हातात बारावीचं मार्कशीटच राहतं. अठराव्या वर्षी इतका पक्का निर्णय कितीजण घेऊ शकतात?

दुसरं म्हणजे कोर्टातलं रोजचं काम कसं असतं हे मुलांना माहीत नसतं. आमच्याकडे वाटणीचे दावे, मनाई हुकूम, चेक न वटल्याच्या (कलम १३८) केसेस, मोटार अपघाताचे दावे, जामीन. सुरुवातीची वर्षं ज्युनिअर फायली सांभाळतो, तारखा घेतो, नकलांसाठी अर्ज करतो, सीनियर उलटतपास घेत असताना मागे उभा राहून टिपणं काढतो. शिकायला खूप मिळतं, पैसे मात्र मिळत नाहीत. २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढलं की ज्युनिअरला शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार विद्यावेतन द्यावं. ती शिफारस आहे, सक्ती नाही. तालुका कोर्टात इतकं देणारा सीनियर माझ्या पाहण्यात नाही. आणि सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, असताना बाहेर पगारी नोकरी करता येत नाही. म्हणजे ही वर्षं घरच्यांच्या जिवावर काढायची. बीकॉम झालेली मुलगी निदान हिशेबाची, जीएसटीची कामं समजून घेते. वकिलीत न जमलं तर तिच्याकडे दुसरी वाट असते.

फरक तर एकाच वर्षाचा आहे. पाच किंवा तीन अधिक तीन.

नागपूरची विद्यार्थिनी

काका, मी पाचव्या वर्षाला आहे. तुम्ही एका वर्षाचा फरक म्हणता, पण बीकॉमची तीन वर्षं बहुतेक मुलं कशी काढतात हेही बघा. परीक्षेपुरता अभ्यास, बाकी वेळ कशाचाच नाही. आम्ही पहिल्या वर्षापासून निकालपत्रं वाचतोय, मूट कोर्टात (सरावासाठीच्या नकली खटल्यात) उभं राहतोय, दर सुट्टीत कुणा ना कुणाकडे इंटर्नशिप करतोय. जिल्हा न्यायालय, विधी सेवा प्राधिकरण, हायकोर्टातल्या वकिलांचं चेंबर हे सगळं पदवी मिळायच्या आत बघून होतं. काम न बघता निर्णय घेतला जातो अशी तुमची तक्रार आहे, तर ते बघायची सोय याच कोर्समध्ये जास्त आहे.

शिवाय राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा मुख्य दरवाजा बारावीनंतरच उघडतो. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन आहेत. बंगळुरूने तीन वर्षांचं एलएलबी सुरू केलंय, पण असं सगळीकडे नाही. मोठ्या लॉ फर्म कॅम्पसवर येतात त्या इथे. बीकॉम करून आलेल्याला तिथवर पोचायला फार फिरून जावं लागतं.

मिरजेची आई

त्या विद्यापीठांची फी वर्षाला लाखांत आहे, तेही सांग ना बाळा. आमच्या घरी मुलगा विचारतोय म्हणून मी हा धागा वाचतेय. अनुदानित कॉलेजात राज्याच्या सीईटीतून नंबर लागला तर खर्च झेपेल. पण खाजगी कॉलेजला पाच वर्षं भरायचे आणि वर पुढची तीन-चार वर्षं घरूनच पैसे द्यायचे, हे आम्हाला कर्ज काढल्याशिवाय जमणार नाही. कर्जाचा हप्ता ज्युनिअर वकील कुठून भरणार?

कोल्हापूर, अ‍ॅडव्होकेट

दादा, तुमच्या हिशेबात एक गोष्ट धरलेलीच नाही, आणि मुलींच्या बाबतीत तीच सगळ्यांत मोठी आहे. बीकॉम झालं की घरात स्थळं यायला लागतात. "शिक्षण झालंय, आता काय, पुढचं सासरी जाऊन कर." मी कितीतरी हुशार मुली बघितल्यात ज्या "मग एलएलबी करू" म्हणत राहिल्या आणि ते मग कधी आलंच नाही. पाच वर्षांचा कोर्स सुरू असला की घरचे शेवटच्या वर्षापर्यंत थांबतात, कारण अर्धवट सोडलं तर पैसे बुडतात. बाहेर पडायला वाट नाही हा तुम्हाला दोष वाटतो, पण अनेक मुलींना तीच ढालीसारखी उपयोगी पडते.

आणि आपल्या भागातली परिस्थिती बदलतेय. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्यात येतात. अपिलाची फाईल मुंबईच्या वकिलाकडे पाठवून आपण मोकळं व्हायचं, ते दिवस गेले. इथल्या चेंबरमध्ये आता हायकोर्टाचं ड्राफ्टिंग करणारी मुलं लागणार आहेत. खालच्या कोर्टात मराठी चालते, हायकोर्टात इंग्रजी लागतं. दोन्ही भाषांत लिहिणारी मुलगी लवकर तयार झाली तर तिला काम आहे.

लातूरचा न्यायाधीश परीक्षार्थी

ताईंचा मुद्दा मान्य, पण पैशाचं उत्तर त्यात नाही. मी ज्या परीक्षेची तयारी करतोय त्याबद्दल सांगतो, कारण कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश व्हायचं म्हणूनही बरेचजण लॉला येतात. तीन वर्षांच्या वकिलीची अट २००२ च्या निकालाने गेली होती. सुप्रीम कोर्टाने २० मे २०२५ रोजी ती परत आणली. तात्पुरती सनद मिळाल्यापासूनची वर्षं मोजतात, न्यायाधीशांकडे लॉ क्लर्क म्हणून केलेलं कामही धरतात. पण पदवी मिळाल्याबरोबर एमपीएससीचा फॉर्म भरायचा, हे आता बंद.

निर्णयामागचा विचार मला पटतो. ज्याने कोर्टात कधी उभं राहून बघितलं नाही त्याने लोकांच्या वादांचा निवाडा करू नये. तरी त्याचा भार कुणावर पडतो? वडील वकील आहेत, गावात घर आहे, शेती आहे, त्याला ही तीन वर्षं जड जात नाहीत. माझे वडील हमाली करतात. म्हणून मी कराडच्या काकांच्या बाजूने आहे. आधी अशी पदवी घ्या की जिच्यावर काहीतरी कमावता येईल, थोडे पैसे बाजूला टाका, मग एलएलबी. वय थोडं वाढतं, पण मध्येच हात टेकावे लागत नाहीत.

पुण्यात कंपनीच्या लीगल विभागात

सगळेजण लॉ म्हणजे कोर्ट असं धरून बोलताय. माझं रोजचं काम करार तपासणं, जमिनीची मालकी कागदोपत्री तपासणं, नोटिशींना उत्तरं देणं. बँका, बांधकाम कंपन्या, विमा कंपन्या यांना असे लोक लागतात आणि महिन्याला पगार मिळतो. न जमलं तर काय, या भीतीने पोरांना तीन वर्षं बीकॉमला बसवणं मला अन्यायाचं वाटतं.

कराडचा वकील

नोकरीचा मुद्दा बरोबर, पण तिथे गेलं की सनद स्थगित ठेवावी लागते. भाचीला कोर्टात उभं राहायचंय, तिचा तो हट्ट आहे आणि मला तो आवडतो. म्हणूनच मी पहिल्या वर्षांच्या पैशांचं बोलतोय.

ताई, लग्नाचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण त्यावर उपाय बहिणीशी आणि दाजींशी स्पष्ट बोलणं हा आहे. एलएलबी होईपर्यंत स्थळ बघायचं नाही, हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेईन.

कोल्हापूर, अ‍ॅडव्होकेट

घ्याल, आणि ते तुमचं ऐकतील. ज्या मुलीचा मामा वकील नाही तिने काय करायचं? तुम्ही धागा सगळ्यांसाठी काढलाय, म्हणून विचारते.

खर्चाबद्दल एक सांगते. सनद काढायलाच कित्येक राज्यांत हजारो रुपये घ्यायचे. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते थांबवलं. आता खुल्या वर्गाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये, त्याहून जास्त नोंदणी शुल्क घेता येत नाही. ते होईल असंही कुणाला वाटलं नव्हतं. मग ज्युनिअरचं विद्यावेतन हे देवाने ठरवून दिल्यासारखं का धरायचं? ते आपण सीनियर लोक ठरवतो. पोरांना तीन वर्षं मागे ढकलण्याआधी आपण आपल्या ऑफिसात काय देतो ते बघू. मिरजेच्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच खिशात आहे.

लातूरचा न्यायाधीश परीक्षार्थी

हे पटलं. आणि सीनियरनी रक्कम उघड सांगावी. रुजू व्हायला गेलं की "आधी काम शिक, मग बघू" एवढंच ऐकायला मिळतं. बारावीच्या मुलाला आकडा माहीत असेल तर घरात बसून हिशेब तरी करता येईल.

मिरजेची आई

हो, आकडा सांगा. फी सगळे सांगतात, हे कुणीच सांगत नाही.

कराडचा वकील

माझ्याकडे दोन ज्युनिअर आहेत. पहिल्या वर्षी महिना आठ हजार, दुसऱ्या वर्षापासून बारा. स्वतःची केस आणली तर तिची फी पूर्ण त्यांची, ऑफिस आणि पुस्तकं माझी. परिपत्रकातल्या पंधरा हजारांपेक्षा हे कमी आहे. आधी पदवी घ्यावी यावर मी अजून ठाम आहे. तरी भाचीला सीईटीचा फॉर्म भरायला सांगितलाय. अनुदानित कॉलेजात नंबर लागला तर तिच्या वडिलांशी पुन्हा बसून बोलू.

कोल्हापूर, अ‍ॅडव्होकेट

माझ्याकडे दहा हजार, पहिल्या महिन्यापासून. बाकीच्या सीनियर मंडळींनीही खाली लिहा. गाव आणि रक्कम एवढंच पुरे.