ब्लू टँग माशावरचे पांढरे ठिपके आपोआप गेले. आता औषध द्यायचं की नाही?

सागरनीळ
खाऱ्या पाण्याची टाकी, 300 लिटरची, दीड वर्ष जुनी. लाइव्ह रॉक, थोडे मऊ कोरल, एक क्लीनर श्रिंप, दोन क्लाउनफिश. अकरा दिवसांपूर्वी ब्लू टँग आणला आणि वेगळा न ठेवता थेट सोडला. चौथ्या दिवशी परांवर मिठाच्या कणांसारखे ठिपके आले, खडकाला अंग घासायला लागला. सातव्या दिवशी सगळे ठिपके गायब! खातोयही छान. एक मित्र म्हणतो, बरा झाला, हात लावू नकोस. दुसरा म्हणतो, टाकीत कॉपर (तांब्याचं औषध) टाक. कोणाचं ऐकू?

प्रवाळवेडी
दोघांचंही नको. वर्णनावरून हा क्रिप्टोकॅरिऑन, म्हणजे मरीन इक (पांढऱ्या ठिपक्यांचा रोग) वाटतोय. हा परजीवी माशाच्या कातडीत तीन ते सात दिवस खाऊन फुगतो, मग गळून वाळूवर, खडकावर पुटी धरून बसतो. तुम्हाला ठिपके गेलेले दिसले ते यामुळे. पुटीतून बाहेर पडलेल्या पिल्लांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात, पण तुमच्या टाकीत तीन मासे तयारच आहेत.

मीही अशीच निर्धास्त झाले होते. दोन आठवड्यांनी पाचही मासे एका रात्रीत ठिपक्यांनी भरले. माझा यलो टँग पाण्याच्या वरच्या थरात धापा टाकत होता, आणि मी रात्री दोन वाजता बादली शोधत होते. एकच क्लाउन वाचला. तुमच्याकडे अजून वेळ आहे.

कॉपर या टाकीत अजिबात नको. श्रिंप आणि कोरल मरतील, शिवाय खडक-वाळू कॉपर शोषून घेतात, त्यामुळे प्रमाण टिकतच नाही. तिन्ही मासे वेगळ्या टाकीत काढा. टँगवर आज ठिपका नाही म्हणून त्याला मागे ठेवू नका, क्लाउननाही नाही. तिथे फक्त हीटर, स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. चिलेटेड (बांधलेल्या रूपातलं) कॉपर असेल तर दोन-तीन दिवसांत हळूहळू लिटरला 2 ते 2.5 मिलिग्रॅमपर्यंत न्या आणि 30 दिवस तिथेच ठेवा. आयनिक (मोकळ्या) कॉपरचं प्रमाण यापेक्षा खूप कमी असतं, बाटली दोनदा वाचा. कॉपर मोजायचं टेस्ट किट नसेल तर सुरूच करू नका. नव्या पाण्यातही आधी तेवढंच कॉपर मिसळा, नाहीतर पाणी बदललं की प्रमाण घसरतं. अमोनियावर रोज नजर हवी, आणि तो वाढला तर पाणीच बदला. अमोनिया दाबणारी काही द्रावणं कॉपरबरोबर घातक ठरतात.

मुख्य टाकी 76 दिवस माशांशिवाय. 72 दिवसांनी फुटलेल्या पुटीची नोंद आहे, म्हणून हा आकडा.

लाटेवरचा
कॉपर नको असेल तर वेगळ्या टाकीत हायपोसॅलिनिटी (पाण्याचा खारटपणा खूप कमी ठेवणं) करता येते. विशिष्ट गुरुत्व 1.009, 30 दिवस. मी दोनदा केली, टँगची भूकही टिकली. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर मात्र आधी कॅलिब्रेट करा. माझा पहिला प्रयत्न तिथेच फसला होता. शेवटी मीठ वाढवताना घाई नको, काही दिवस लावा.

सागरनीळ
मनापासून आभार. श्रिंप आणि कोरल 76 दिवस तिथेच राहू देत? आणि मासे आजच काढू की टाकी आधी तयार करू?

प्रवाळवेडी
राहू देत. हा परजीवी माशांवरच जगतो. श्रिंपला खाऊ घालत राहा. जाळी, नळी, बादली मात्र दोन्ही टाक्यांना वेगवेगळी, आणि ओला हात एकातून दुसऱ्यात नको.

टाकी उद्यापर्यंत तयार होत असेल तर थांबा. पण आज रात्री टँगचे कल्ले बघा. श्वास जोरात चालला असेल, तो पंपाच्या धारेसमोर तोंड करून उभा असेल, किंवा अंगावर टॉर्चच्या उजेडात सोनेरी धूळ चमकत असेल तर तो व्हेल्वेट, दुसऱ्याच परजीवीचा रोग. त्यात दोन-तीन दिवसांत मासे जातात आणि हायपोसॅलिनिटीचा उपयोग होत नाही. तसं दिसलं तर स्वच्छ टब, हीटर, एअरस्टोन घेऊन मासे आजच हलवा आणि इथे लगेच लिहा, मी जागी आहे.