खुर्च्यांच्या पाठीवरचं नाव

'निवडणूक लागली की संस्थांनी मतदारांपासून चार हात लांबच राहावं' असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. पण घोळ भाषणात होत नाही, सामानात होतो. आमच्या संस्थेने सोलापूरच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, मतदार नोंदणीचं शिबिर ठेवलं होतं. मंडप, खुर्च्या फुकट मिळाल्या म्हणून खूश होतो. सकाळी बघतो तर प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर एका माजी नगरसेवकाचं नाव, लाल रंगात! सगळ्या परत पाठवल्या आणि सतरंज्या अंथरल्या. विड्यांची सुपं मांडीवर घेऊनच बायका बसल्या. त्यातली एक तेलुगूत हळूच विचारते, "ओटु एवरिकी वेय्यालि?" म्हणजे मत कुणाला द्यायचं? उत्तर आधीच ठरलेलं होतं: ते तुमचं तुम्ही, आम्ही फक्त नमुना 6, म्हणजे नव्या मतदाराचा नोंदणी अर्ज, भरून देतो.

आणि हे आचारसंहितेच्या गडबडीत करायचंच कशाला? 2022 पासून 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा आहेत, म्हणजे त्या दिवशी अठरा पूर्ण असतील तर नाव नोंदवता येतं; सतरा पूर्ण झालेल्या पोरांनाही आगाऊ अर्ज करता येतो. जुलैत टेबल मांडलं तर खुर्च्या द्यायला कुणी येत नाही.