'तमस' अर्ध्यात सोडली. चुकलं का?

मांजराकाठ (लातूर) :
आमच्या वाचनगटात या महिन्यात भीष्म साहनींची 'तमस' होती, फाळणीच्या वेळच्या पंजाबातल्या दंगलीवरची कादंबरी. बारा जणांत पुरती वाचली चौघांनी. मी दीडशे पानांवर थांबलो. पहिल्याच प्रकरणात मुराद अलीची पाच रुपयांची नोट खिशात घालून नत्थू रात्रभर डुक्कर मारत बसतो, आणि ते डुक्कर काही मरत नाही. सकाळी ते मेलेलं मशिदीच्या पायरीवर. तिथून नुसता उतारच. दंगलीवर लिहावं, पण वाचणाऱ्याला श्वास घ्यायला कुठंतरी जागा नको?

कापूसकोंड्या (परभणी) :
शंभर टक्के सहमत. दिवसभर दुकानात डोकं पिकलेलं असतं, रात्री पुन्हा हे कशाला? १९८८ ला दूरदर्शनवर मालिका लागली तेव्हा आमच्या वडिलांनी दुसऱ्या भागालाच टीव्ही बंद केला होता.

बालाघाट (बीड) :
श्वास घ्यायला जागा आहे, तुम्ही तिथवर पोचला नाहीत. जीव वाचवत पळणाऱ्या हरनामसिंग आणि बंतो या शीख नवरा-बायकोला राजो ही मुसलमान बाई आपल्या घरात घेते, तेही घरचे पुरुष बाहेर लुटालूट करत असताना. पण साहनी तिथं रेंगाळत नाहीत, हे मला आवडलं. भला माणूस दाखवून वाचकाला मोकळं सोडत नाहीत. मला डुकरापेक्षा हिंदू टोळीतल्या रणवीरची कोंबडी जड गेली. पोराला 'दीक्षा' म्हणून कोंबडी मारायला लावतात. त्याला ओकारी येते. पुढं त्याच्याच टोळीतलं पोरगं अत्तर विकणाऱ्या मुसलमान म्हाताऱ्याला भोसकतं. असलं पोरगं तुमच्या गल्लीत नाही का?

आणि एक. साहनी रावळपिंडीचे, पण हे लिहायला बसले १९७० च्या भिवंडी दंगलीनंतर तिथं जाऊन आल्यावर. त्यांना पंजाब आठवला तो महाराष्ट्रात! आपण मात्र 'तिकडचं' म्हणून वाचायलोत. उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा : १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे भारतानं फौज पाठवून निजामाचं हैदराबाद संस्थान घेतल्यानंतर, सगळ्यात जास्त मुसलमान मारले गेले ते याच चार जिल्ह्यांत, असं सरकारनंच पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं लिहिलं. हैदराबाद संस्थानातला एकूण अंदाज २७ ते ४० हजारांचा. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होतं. १७ सप्टेंबरच्या, मुक्तिदिनाच्या भाषणात हे कधी ऐकलंत?

निजामाचा पाटवारी (नांदेड) :
आलात का शेवटी तिथंच! त्याआधी निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी गावं जाळली ते एका ओळीत तरी लिहा की. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी लातुरातच वकिली करायचा. आमची आजी बाजरीच्या कणगीत दोन दिवस बसून होती. आधी काय झालं ते न सांगता नंतरचे आकडे मांडायचे, ही कुठली निःपक्षता?

बालाघाट (बीड) :
आजीचं खरंच आहे, आणि ते दरवर्षी सांगितलं जातं, जावंही. मी फक्त म्हणतोय की त्याच महिन्यात दुसऱ्या कुणाची आजी कणगीत बसली होती. रझवीचा हिशोब उस्मानाबादच्या विणकरानं का चुकवायचा?

निजामाचा पाटवारी (नांदेड) :
चुकवू नये. पण कादंबरीच्या आडून इतिहास शिकवू नका.

गोदा_मावशी (पैठण) :
तुम्हा दोघांचं चालू द्या. माझी तक्रार कादंबरीशीच आहे. दंगलखोरांच्या हाती लागू नये म्हणून हरनामसिंगच्या लेकीच्या, जसबीरच्या मागं शीख बायका विहिरीत उड्या घालतात, ते पान जत्रा निघाल्यासारखं लिहिलंय. एकीलाही पाऊल मागं घ्यावंसं वाटलं नसेल? कडेवरच्या लेकराचं काय? मी तिथं चिडून पुस्तक मिटलं. दोन दिवसांनी उघडलं तर पुढं मदत समितीच्या आकडेबाबूपुढं, नुकसानीची नोंद करणाऱ्या कारकुनापुढं, त्यातल्याच एकीचा नवरा उभा. त्याला बायकोच्या प्रेताच्या हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून हव्यात. तेव्हा वाटलं, हा लेखक त्या उड्यांना भुललेला नाही. पण बायकोचं मन तरीही कळत नाहीच. पुरुषानं लिहिलेलं, दुसरं काय.

कापूसकोंड्या (परभणी) :
मावशी, हे ऐकूनच मला वाचायची नाही.

मांजराकाठ (लातूर) :
शेवट कुणीतरी सांगितला : शांतता समितीची बस निघते आणि ड्रायव्हरशेजारी बसून एकीच्या घोषणा देतोय तो मुराद अलीच. म्हणून काल पुन्हा काढली. राजोपर्यंत आलोय. पाटवारी, एक विचारू का? आजीला कणगीत कुणी बसवलं होतं?

निजामाचा पाटवारी (नांदेड) :
शेजारच्या मुसलमान पिंजाऱ्याच्या घरची कणगी होती ती.