मदत हवी आहे: शहापूर ते मानखुर्द भाजी केंद्र. शीतपेटी मिळते, टेम्पोचं भाडं कोण देणार?

नमस्कार मंडळी,

धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय पैशांचा आहे, म्हणून आकडे उघड मांडते.

शहापूर तालुक्यातल्या ४६ शेतकऱ्यांचा आमचा गट आहे. भेंडी, काकडी, कारली, वांगी, पालेभाज्या, आणि पावसाळ्यात आदिवासी बायका आणतात ती शेवळं, टाकळा, करटोली. गेली दोन वर्षं मंगळवारी आणि शनिवारी हा माल मानखुर्दला, पुनर्वसनाच्या इमारतीत तळमजल्यावरच्या एका खोलीत विकतो. तानसा-भातसाचं पाणी आमच्या तालुक्यातून रोज मुंबईच्या नळाला येतं. त्याच तालुक्यातली ताजी भाजी मुंबईतल्या गरिबाच्या घरातही जावी, एवढंच डोक्यात होतं.

सुरुवातीला सकाळी विकायचो, तर गिऱ्हाईकच नाही. बायका सहालाच घरकामाला बाहेर पडतात आणि सातनंतर परततात. मग वेळ संध्याकाळी सात ते साडेनऊ केली. तोवर मेथी-पालक ओल्या गोणपाटाखाली ठेवतो. किलोने मागणारे थोडे, 'दहाची दे' म्हणणारे जास्त, म्हणून वाटे लावतो: चार मिरच्या, आल्याचा तुकडा, थोडी कोथिंबीर. एक आजी दर शनिवारी येतात. एकेका भेंडीचा शेंडा मोडून बघतात, कट्कन मोडला तरच घेतात. पैसे नसले तर वहीत लिहून ठेवतो. पगार झाला की लोक आपणहून येऊन वही खोडून घेतात. दोन वर्षांत बुडालेली उधारी नगण्य आहे, हे मुद्दाम सांगते.

आता हिशोब. एका खेपेला साधारण ३५० किलो माल. शेतकऱ्याला सरासरी २८ रुपये किलो जागेवर रोख देतो, म्हणजे ९,८०० रुपये. घट जाऊन ३२० किलो विकला जातो, सरासरी ४० रुपयांनी, म्हणजे १२,८०० रुपये. हातात उरतात ३,०००. खर्च: टेम्पो ३,२००, विक्रीला बसणाऱ्या दोघींची मजुरी १,०००, वीज-पिशव्या-किरकोळ ३००. म्हणजे खेपेमागे १,५०० रुपयांची तूट. वर्षाच्या १०४ खेपा धरल्या तर १ लाख ५६ हजार.

ही तूट आजवर एका देणगीदाराने भरून काढली. मार्चपासून ते थांबताहेत. त्यांच्याबद्दल तक्रार अजिबात नाही.

किलोमागे पाच रुपये वाढवले की तूट संपते, हे मलाही कळतं. पण मग आमचा भाव आणि गल्लीतल्या हातगाडीचा भाव एकच होतो. आणि शेतकऱ्याचे २८ कमी केले तर त्याने वाशीच्या घाऊक बाजारातच का पाठवू नये?

योजना पाहिल्या. केंद्राच्या २०२० च्या दहा हजार शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या योजनेत तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत व्यवस्थापन खर्चाची तरतूद होती, पण सपाट भागात किमान ३०० सभासदांची अट होती. कृषी पायाभूत सुविधा निधीत व्याजात ३ टक्के सवलत आहे, पण ते कर्ज, आणि तेही बांधकाम-यंत्रांसाठी. आम्हाला शीतगृह नकोच आहे. दोन कंपन्यांकडे गेलो तर एकीने शीतपेटी देऊ केली. दुसरीकडे सांगितलं की पगार-भाड्याला सीएसआरमधून, म्हणजे कंपन्या सामाजिक कामासाठी ठेवतात त्या पैशातून, पाच टक्क्यांच्या वर देता येत नाही.

असं रोजच्या खर्चाचं पाठबळ कोणी मिळवलंय का? कसं मिळवलं? कृपया अनुभव सांगा.

प्रतिसाद १

ताई, पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर प्रशासकीय खर्चाला आहे. काम करणाऱ्या संस्थेच्या प्रकल्पखर्चाला ती लागू नाही. तुमचा टेम्पो आणि त्या दोघींची मजुरी म्हणजेच तुमचा प्रकल्प. अर्जात 'पगार', 'वाहतूक' अशी सुटी नावं देऊ नका, 'वस्तीपर्यंत ताजी भाजी पोचवणे' असं एक काम दाखवा आणि त्याखाली खर्च मांडा. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात भूक आणि कुपोषण निर्मूलन पहिल्याच कलमात आहे.

अडचण दुसरीकडे आहे. सीएसआरचा पैसा गटाला किंवा उत्पादक कंपनीला थेट मिळत नाही. न्यास, नोंदणीकृत सोसायटी किंवा कलम ८ ची (नफा न वाटणारी) कंपनी लागते. तिला प्राप्तिकराची १२ए आणि ८०जी नोंदणी हवी, तीन वर्षांचं काम हवं, आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ ही सरकारकडची नोंदणीही. नवा न्यास काढून बसलात तर तीन वर्षं जातील. मानखुर्द-गोवंडीत आरोग्याचं किंवा बालवाडीचं काम करणारी जुनी संस्था शोधा, पैसे तिच्या नावावर येऊ द्या आणि लेखी करार करा. शिल्लक पडली तर ती त्याच प्रकल्पात वापरायची, हेही करारात घाला.

प्रतिसाद २

टेम्पो मुलुंडवरूनच जातो ना? तिथल्या दोन सोसायट्यांमध्ये १०० किलो ५५ रुपयांनी द्या, आगाऊ मागणी घेऊन. किलोला १५ जास्त म्हणजे १,५०० झाले. तूट तिथेच भरून निघते.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. पाच टक्क्यांचं मला खरंच माहीत नव्हतं, त्या कंपनीकडे पुन्हा जाते. वस्तीत लहान मुलांची वजनं घेणारी एक जुनी संस्था आहे, उद्याच त्यांना भेटते.

मुलुंडचा हिशोब रात्री दोनदा मांडला, बरोबर येतो. भीती एकच आहे. पंचावन्न मोजणारा निवडून घेणार, आणि उरलेली निबर भेंडी मानखुर्दला जाणार. असं होऊ द्यायचं नाही. म्हणून गटात ठरवतोय की शेतावरच मानखुर्दचे क्रेट आधी भरायचे, ते बांधून टेम्पोत आतल्या बाजूला ठेवायचे, आणि मुलुंडचे शेवटी, दाराजवळ. मुलुंडच्या ओळखीच्या कोणी सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलू शकत असेल तर कृपया मला व्यक्तिगत निरोप पाठवा. शनिवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास टेम्पो तिथून जातो.